हद्दवाढीचं दर्शन

दर्शन घेऊन आलेल्या माणसाला काय दिसलं ते विचारायचं नाही आणि त्यानेही सांगायचं नाही, असा नियम होता. सरकारी नियम मोडल्याशिवाय तळेमोहोळच्या लोकांना जेवण गोड लागत नाही. पण हा नियम कुणी मोडला नाही. लोक शाळेच्या मागच्या दाराने बाहेर येत, चपला शोधत आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागत. खरं तर गावाने तेव्हाच भ्यायला हवं होतं.

हर्षदा फडतरे बाहेर आली तेव्हा तिच्या पायात एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्याच कुणाची होती. व्हरांड्यात तिचा नवरा नवनाथ रांगेत उभा होता. त्याचा नंबर तिच्यामागून होता.

"झालं का गं?" त्याने विचारलं.

तिने त्याचा दंड धरला आणि सोडेचना. रांगेतले लोक हसायला लागले. मुलगी लग्नाला आलेली बाई चारचौघांत नवऱ्याचा दंड धरून उभी राहते म्हटल्यावर हसणारच.

"अगं, नाव पुकारलंय माझं," तो म्हणाला, तेव्हा कुठे तिने हात काढला.

आता हे दर्शन म्हणजे काय ते सांगायला हवं. शहर फुगत फुगत तळेमोहोळच्या शिवेला येऊन टेकलं होतं. पूर्वी असं गाव महापालिकेत घ्यायचं म्हणजे मुंबईहून एक अधिसूचना निघायची, लोक हरकतींचे अर्ज द्यायचे, सुनावणीला एखादा साहेब डुलक्या घ्यायचा आणि एका सकाळी गावाचं शहर झालेलं असायचं. घरपट्टी लगेच यायची, पाणी मागाहून यायचं, कधीकधी यायचंच नाही. त्यावरून दोन-तीन ठिकाणी जाळपोळ झाली आणि नवा कायदा आला. हद्दीत जायचं की नाही, ते तिथे राहणाऱ्यांनीच मत देऊन ठरवायचं. तेही आंधळेपणाने नाही. आधी आपल्या डोळ्यांनी पुढचं बघायचं आणि मग बटण दाबायचं. कागदावर फारच छान दिसत होतं हे.

बघायचं कसं, ते शास्त्रज्ञांनी सोडवलं होतं. वर्षभर गावातल्या प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा. तो नाडी मोजायचा, श्वास मोजायचा, झोप आणि चालणं टिपायचा. विहिरींत पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या सोडल्या होत्या, खांबांवर हवा तपासणाऱ्या डब्या बसवल्या होत्या. त्यात महापालिकेचे आराखडे घालायचे, पाऊस घालायचा, दवाखान्याचं अंतर घालायचं आणि माणसांचे स्वभावही घालायचे. कोण कुणाचं ऐकतं, कोण गाव सोडून जातं, कोण मेलं तरी जात नाही. हे सगळं घेऊन यंत्र गावाची पुढची दहा वर्षं चालवून बघायचं, आणि तीही लाखो वेळा, दर वेळी थोडा फरक करून. वादळ कुठून कुठे जाईल ते हवामान खातं असंच काढतं. मग जे बहुतेक वेळा घडलं तेवढंच उचलायचं आणि ज्याला-त्याला त्याच्याच घरात बसवून दाखवायचं. डोळ्यांवर चष्मा, कानांत आवाज. आधी ‘आत’, म्हणजे महापालिकेत गेल्यावर दहा वर्षांनंतरची एक सकाळ. मग ‘बाहेर’, म्हणजे न जाता दहा वर्षांनंतरची तीच सकाळ.

अडचण एकच होती. दहा वर्षांत माणसं मरतात. जो माणूस बहुतेक वेळा उरतच नाही, तो दाखवायचा कसा? समितीत यावर पुष्कळ खल झाला म्हणे. नसलेला माणूस जिवंत दाखवला तर मतदाराची फसवणूक होते, म्हणून ठरलं, की तो दाखवायचाच नाही. मात्र कुणाला त्याचंच मरण दाखवणं माणुसकीला धरून नाही. म्हणून बघणारा नुसता बघतो. दर्शनातल्या घरात आरसे नसतात, तिथली माणसं त्याच्याकडे वळून बघत नाहीत, त्याच्या नसण्याविषयी कुणी बोललं तर ते त्याला ऐकू येत नाही, आणि तो तिथे असो वा नसो, घर त्याला दिसतंच. समितीला ही तोड फारच आवडली. समितीतलं कुणी तळेमोहोळात राहत नव्हतं.

तळेमोहोळची आपली एक रीत आहे. सरकारी वस्तू कशासाठी आली ते विचारायचं नाही, आपल्या काय कामाची ते बघायचं. मच्छरदाण्या आल्या, त्या टोमॅटोच्या रोपांवर गेल्या. संडास आले, त्यांत गोवऱ्या रचल्या. सौरदिवे गोठ्यांत लागले. पट्ट्याचा मात्र कशाला उपयोग सापडेना. उलट माणूस जास्त वेळ बसला की तो मनगटाला गुरगुर करायचा, आणि पत्त्याचा डाव मांडून बसणाऱ्यांना ते जाचायला लागलं. नवनाथच्या मनगटावर तो सहसा दिसायचा नाही. हर्षदाने विचारलं तर म्हणायचा, "गोठ्यात कामाला लागलो की घालतो की." हर्षदाने आपला एक दिवसही काढला नाही. ती बचत गटाची अध्यक्ष होती, आणि अध्यक्षाने नियम पाळायचे असतात अशी तिची समजूत होती.

हद्दवाढीच्या विरोधात गावात पहिली उठली तीही हर्षदाच. महापालिकेच्या आराखड्यात तळेमोहोळच्या गायरानावर शहराचा कचरा डेपो दाखवला होता. हर्षदाला लहानपणापासून दमा. कडब्याची धूळ उडाली तरी तिची छाती भरून यायची, म्हणून मळ्यातल्या गोठ्याकडे ती कधी फिरकायचीही नाही. म्हशी, धारा, शेणघाण सगळं नवनाथ बघायचा. पंप कमरेच्या पिशवीत ठेवून ती गल्लोगल्ली हिंडली होती आणि ‘बाहेर’च्या बाजूने बायकांना उभं केलं होतं. नवनाथचं उलट. त्याला नळ हवा होता, बस हवी होती, दवाखाना हवा होता. या एका गोष्टीवरून नवरा-बायकोचं रोज वाजायचं आणि आळी मजा बघायची.

तर हर्षदाला काय दिसलं?

चष्मा चढवल्यावर ती आपल्याच स्वयंपाकघरात होती. ‘आत’ची सकाळ. कोपऱ्यात नळ होता आणि तो वाहत होता. खिडकीतून गायरानाच्या जागी कचऱ्याचा डोंगर दिसत होता, वर घारी फिरत होत्या. हे तिला अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हता तो नवनाथ. केस पांढरे झालेले, पण धडधाकट, जमिनीवर फतकल मारून बसलेला, पुढ्यात परात घेऊन कणीक मळणारा. पाणी जास्त झालेलं, बोटं चिकटलेली. "आयला," म्हणून त्याने वर आणखी पीठ ओतलं. जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून न घेतलेला हा माणूस! हर्षदा शाळेतल्या त्या खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसली.

मग ‘बाहेर’. गायरान हिरवंगार होतं. नळ नव्हता, टँकरच्या पाण्याचा निळा पिंप होता. नवनाथची बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती. शर्टाच्या खिळ्याला काही नव्हतं. दारातून मळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर गवत वाढलं होतं. कट्ट्यावरचा फोन वाजला आणि मुलीचा, ऋतुजाचा आवाज आला. "आई, अजून किती दिवस एकटी राहणार आहेस तिथे? माझ्याकडे का येत नाहीस?"

तेवढ्यात चष्मा निघाला. समोर वीणा केळुसकर नावाच्या बाई उभ्या होत्या. दर्शनाचं सगळं कामकाज त्या बघत. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"ताई, दोन मिनिटं बसा," त्या म्हणाल्या. "इथे काय दिसलं ते बाहेर बोलू नका. बोललात तर घरातली सगळी मतं बाद होतात."

दुसऱ्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं. बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ एका ताटात जेवत होते. एक सासू सुनेच्या डोक्याला तेल लावत होती आणि सून घाबरून गप्प बसली होती. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. जो तो आपल्या माणसाकडे चोरून बघत होता.

हर्षदाने सकाळच्या चहालाच सांगून टाकलं, "मी विचार केला. आत गेलेलंच बरं."

नवनाथने कप खाली ठेवला. "आणि मी म्हणतो, बाहेरच राहू."

"तुम्ही? अहो, वर्षभर नळ-नळ करून डोकं खाल्लंत माझं!"

"आता नको मला नळ."

"दवाखाना?"

"दवाखाना कशाला पाहिजे? मला काय धाड भरलीय?"

तिने त्याच्या छातीकडे बघितलं. शर्टाची वरची गुंडी तुटली होती. "एकदा तालुक्याला जाऊन तपासून या," ती म्हणाली. "माझ्यासाठी जा. हृदयाचं, रक्तदाबाचं, सगळं बघून घ्या. डॉक्टर पट्ट्यातलं वर्षभराचं सगळं बघतो म्हणे."

पट्ट्याचं नाव काढताच नवनाथ उठला. "काही गरज नाही. आणि तू आत-आत काय लावलंयस? कचरा इथे आणून टाकतील ना ते! तुझी छाती..." एवढं बोलून तो थांबला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि टोपी उचलून तो चालता झाला. आळीतल्या लोकांना कळेना. कालपर्यंत बायको बाहेर ओढत होती आणि नवरा आत, आता दोघांनी जागा बदलल्या होत्या. भांडण मात्र तेवढंच जोरात होतं.

ते दिवस हर्षदाने भीतीत काढले. नवनाथ जिना चढला की ती त्याचा श्वास ऐकत बसायची. तो दुपारी आडवा झाला की छाती हलतेय ना ते दारातून बघायची. गोठ्यातून यायला जरा उशीर झाला तर दारात येऊन वाटेकडे डोळे लावायची. आणि सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर दोघांची मतं बाद झाली असती आणि त्याला वाचवायला तिच्या हातात काहीच उरलं नसतं.

मतदानाच्या आदल्या सकाळी ती पीठ चाळत होती. पीठ उडालं आणि तिला ठसका लागला. तो थांबेना, तेव्हा तिने पंप ओढला. नवनाथ ओसरीवरून धावत आला. त्याचा चेहरा बघून तीच दचकली. एवढ्या वर्षांत तिचा दमा काय त्याने आज बघितला होता?

"सर तिकडे. मी मळतो," असं म्हणून त्याने परात ओढली.

"तुम्हाला येतं का?"

"न यायला काय झालं?"

तो जमिनीवर फतकल मारून बसला. परात पुढ्यात घेतली. तांब्यातलं पाणी भस्सकन ओतलं. बोटं चिकटली. "आयला," तो म्हणाला आणि त्याने वर आणखी पीठ ओतलं.

हर्षदाच्या हातातून पंप खाली पडला.

दर्शनात ती हसली होती. शहरात गेल्यावर माणूस सुधारतो, असं मनात म्हणाली होती. तो कणीक का मळत होता, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. घरात बाई असताना नवनाथ फडतरे परातीला हात लावेल? दुसरं कुणी मळणारं नव्हतं, म्हणून तो मळत होता. ‘आत’च्या त्या घरात हर्षदा नव्हती. त्याने दर्शनात तेच बघितलं होतं, आणि तेव्हापासून तो ‘बाहेर’चा झाला होता.

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. नवनाथ परातीत डोकं घालून चिकटलेल्या कणकेशी झटत होता. तिला खूप भीती वाटली. तिला मरायचं नव्हतं. नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्या ऋतुजाचं लग्न व्हायचं होतं, बचत गटाची पापडाची गिरणी यायची होती, आणि तसंही मरायला तिला एकही कारण सापडत नव्हतं. पण डोळे मिटले की भिंतीला उभी केलेली ती बाज दिसायची.

संध्याकाळी गटातल्या बायका आल्या. सगळ्यांचं दर्शन झालेलं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. त्यांच्यातली थोरली, मालन गवंडी, म्हणाली, "हर्षदाताई, आम्हांला काही सुधरंना झालंय. आत बघितलं तर एक दिसत न्हाई, भाईर बघितलं तर दुसरं दिसत न्हाई. तूच सांग बाई. तू म्हणशील ते बटण."

हर्षदाने दारातून मळ्याच्या पायवाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "आत."

"आणि तुझा कचरा डेपो गं?"

"आत म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी शाळेत दोन बटणांचं यंत्र होतं. हर्षदाने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि ‘आत’ दाबलं. तिच्यामागून आलेल्या नवनाथने ‘बाहेर’ दाबलं असणार. विचारायची गरज नव्हती.

निकाल त्याच दुपारी लागला. तळेमोहोळ थोडक्या मतांनी आत गेलं. ते थोडकं म्हणजे साधारण बचत गटाएवढं होतं. फटाके कुणीच वाजवले नाहीत. नवनाथ निकाल ऐकून उठला तो तडक मळ्याकडे गेला. हर्षदा ओसरीवर बसून राहिली. तो वाचला, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. बरं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

मग वीणाबाई आणि त्यांचे लोक पट्टे गोळा करायला दारोदार फिरू लागले. हर्षदाने आपला काढून दिला. मनगटावर त्याचा पांढरा वळ उठला होता.

"तुमच्या यजमानांचा?" वीणाबाईंनी विचारलं.

"गोठ्यात असेल. चला, देते."

कितीतरी वर्षांनी हर्षदा गोठ्यात गेली. पदर नाकाशी धरून आत शिरली, तर नवनाथ भुरी म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभा होता. रडत होता. या दोघींना बघून तो गडबडला.

"पट्टा द्या, दादा," वीणाबाई म्हणाल्या.

नवनाथने हर्षदाकडे बघितलं, वीणाबाईंकडे बघितलं. मग त्याने भुरीची शेपटी उचलली. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूने, शेणाने माखलेला पट्टा घट्ट बांधलेला होता. त्याचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

"आधी खुंटीला अडकवून बघितला," तो खालमानेने म्हणाला. "पण नाडी लागली नाही की बोंबलायचा. जनावरांचा डॉक्टर म्हशीची नाडी शेपटीखाली बघतो, ते मला ठाऊक होतं. तिथे गप बसला. मग राहू दिला. मला वाटलं, कागदं रंगवायला नेतात, दुसरं काय?"

"वर्षभर?" हर्षदाने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

भुरी म्हातारी होती. सावकाश चालायची, दुपारभर तळ्यात पडून राहायची, तिचं काळीज माणसापेक्षा संथ चालायचं. यंत्राने वर्षभर ते ऐकलं होतं आणि नवनाथ फडतरे या माणसाचं हृदय थकत चाललंय, जवळ मोठा दवाखाना नसेल तर दहा वर्षं काढणार नाही, असा प्रामाणिकपणे हिशेब मांडला होता.

हर्षदा हसायला लागली. तिला आवरेना. तिचा नवरा मरणार नव्हता, म्हैस मरणार होती! ती गव्हाणीला धरून हसत राहिली, हसता हसता ठसका लागला, आणि ठसका वाढत गेला. नवनाथने तिच्या पिशवीतून पंप काढून तिच्या तोंडाला लावला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "दम्याला दवाखाना जवळ पडेल म्हणून तू आत म्हणतेयस."

"आणि बाहेरच्या घरात तुमची बाज भिंतीला उभी केलेली होती, म्हणून मी आत म्हटलं."

त्याने भुरीच्या शेपटीकडे बघितलं. मग त्याला कळलं.

"मॅडम," हर्षदा वीणाबाईंकडे वळली, "हे सगळं खोट्यावर झालंय. पुन्हा घ्या मत."

वीणाबाईंनी पट्टा गवताने पुसून पिशवीत टाकला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "ताई, काही पट्टे खोटे असणार हे धरूनच हिशेब असतो," त्या म्हणाल्या. "कुणी शेळीला बांधतो, कुणी पाळण्याला. गावाचं एकूण येतं ते बरोबरच येतं. एखाद्या घराचं चुकतं, इतकंच."

"माझं?" हर्षदाने विचारलं. "माझा तर एक दिवस निघाला नव्हता."

वीणाबाईंनी तिच्या मनगटावरचा वळ बघितला आणि पिशवीचं तोंड आवळलं. त्या पुढच्या घराकडे गेल्या.

"आपण जाऊ इथून," नवनाथ घाईघाईने म्हणाला. "ऋतुजाकडे जाऊ. डेपो व्हायच्या आत जाऊ. यंत्र काय देव आहे का?"

"जाऊ," हर्षदा म्हणाली.

पण ते यंत्र लाखो वेळा चाललं होतं. त्या लाखो वेळांत नवनाथ दर वेळी असंच ‘जाऊ’ म्हणाला असेल, तिनेही ‘जाऊ’ म्हटलं असेल, मग गिरणी आली असेल, गटाच्या बायका आल्या असतील, आणि बहुतेक वेळा हर्षदा गेली नसेल. कोण जातं आणि कोण जात नाही, हे सगळं आधीच त्यात घातलेलं होतं. गायरानाच्या बाजूने मोजणीवाल्यांची गाडी येताना दोघांना दिसली.

घरी आल्यावर तिने पिठाचा डबा काढला आणि परात नवनाथच्या पुढ्यात ठेवली. तो मागे सरकला.

"हे नको, हर्षदा," तो म्हणाला. "मला नाही शिकायचं."

"बसा," ती म्हणाली. ती दाराशी, पीठ उडणार नाही अशा बेताने बसली. त्याने तांब्या उचलला. पाणी काठावरून सांडलं.

"एकदम ओतू नका," हर्षदा म्हणाली. "थोडं थोडं घ्या."